सातवं कलम

९ सप्टेंबर, मंगळवार

ही दैनंदिनी जानेवारीत कापडाच्या घाऊक व्यापाऱ्यानं भेट दिली होती. आजवर तिच्यात एका गिऱ्हाइकाच्या खिडकीची मापं तेवढी लिहिली गेली. आज तिला खरं काम मिळालं, कारण बातमी पोटात मावत नाही आणि सांगायला अजून कोणी नाही.

मी लग्न करते आहे.

लिहिलं आणि मागे वळून पाहिलं, कोणी वाचत तर नाही ना. वय वर्षं एकोणसाठ. धंदा पडदे शिवण्याचा. खाली दुकान, वर घर. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली, देव त्याच्या आत्म्याला शांती देवो. लेक चौतिशीची, लग्न झालेली, बँकेत नोकरीला. आम्ही तिला ठकी म्हणतो.

नवरदेव म्हणजे चौकातले चष्मेवाले. वय त्रेसष्ट, तेही एकटे, मूलबाळ नाही. त्यांच्या डोळे तपासायच्या खोलीला काळाकुट्ट पडदा हवा होता, उजेडाचा कणही आत येता कामा नये. मी दुहेरी अस्तर लावून शिवून दिला. तर हे गृहस्थ तीनदा तक्रार घेऊन आले, फटीतून उजेड येतो म्हणून. तिसऱ्यांदा मी स्वतः जाऊन स्टुलावर चढून पाहिलं. फट नव्हतीच. तेव्हा वाटलं होतं, माणूस चिकित्सक दिसतो.

शनिवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात म्हणाले, "पडदेबाई, तुम्ही एकट्या जेवता, मी एकटा जेवतो. दोन चुली कशाला?"

मी म्हटलं, "विचार करते." विचार करायला मला फाटकापर्यंत चालत जायला लागलं तेवढाच वेळ लागला, पण त्यांना आज दुपारी सांगितलं. उगाच उतावीळ दिसायला नको.

हे सगळं सोयीसाठी आहे. या वयात दुसरं काय असणार.

१४ सप्टेंबर, रविवार

ठकीला सांगितलं. ती रविवारी जेवायला येते. जावई आजही आले नाहीत, हा चौथा रविवार. कामाचा व्याप फार म्हणे.

वाटलं होतं ती रडेल, किंवा बापाची आठवण काढेल. तिनं शांतपणे ताट बाजूला सारलं आणि विचारलं, "करार करणार ना?"

"कसला करार?"

"लग्नाआधीचा. तुझं काय, त्यांचं काय, कोणाचं कोणाकडे राहणार. लेखी."

"अगं, मी लग्न करते आहे, दुकान भाड्यानं देत नाही."

"दुकान भाड्यानं दिलं असतंस तर अकरा महिन्यांचा करार केला असतास आई. इथं तर जन्माचा सवाल आहे."

तिच्याशी वाद घालणं म्हणजे बँकेशी वाद घालणं. म्हटलं, बघू. मग ती ताटात घेतलेलं सगळं जेवली आणि रात्री इथंच राहिली. म्हणाली, परत जायचा कंटाळा आलाय. मलाही बरं वाटलं, मायलेकी एका खोलीत झोपून किती दिवस झाले होते.

१८ सप्टेंबर, गुरुवार

वकीलबाईंकडे गेलो, मी, चष्मेवाले आणि ठकी. वकीलबाईंच्या खिडकीला पट्ट्यांचे पडदे आहेत, त्यातल्या दोन पट्ट्या तुटलेल्या. माझं निम्मं लक्ष तिकडेच.

कागद तयार होता, ठकीनं आधीच कळवून ठेवलेलं. पहिली सहा कलमं समजण्यासारखी. माझं दुकान आणि घर माझ्यामागे ठकीचं. त्यांचं दुकान त्यांच्यामागे पुतण्याचं. आम्ही राहणार त्यांच्या घरात, मागे राहील त्याला तिथे हयातभर राहता येईल. यात वावगं काय? पोटच्या पोरीचं तिला मिळायला हवंच.

सातवं कलम लांबलचक होतं. 'उभयता विभक्त झाल्यास' अशी सुरुवात. मग कोणी घर सोडायचं, किती मुदतीत सोडायचं, भांडीकुंडी कोणाची, उपचाराचा खर्च कोणाचा. ठकीला पाठ होतं ते. वकीलबाई एका जागी अडल्या तर हिनंच पुढचं वाक्य सांगितलं. मी कौतुकानं म्हटलं, "बँकेत हेही शिकवतात का गं?" तिनं पान उलटलं.

चष्मेवाले म्हणाले, "द्या इकडे, सही करतो. यांची पोरगी म्हणते तर चालेल." वाचलंसुद्धा नाही. स्वतः लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावतो हा माणूस!

मी मात्र सही केली नाही. म्हटलं, आधी फादरना दाखवते.

ठकी रागावली. जिना उतरताना म्हणाली, "फादरना काय कळतं लग्नातलं?"

२३ सप्टेंबर, मंगळवार

फादर वयानं ठकीहूनही लहान आहेत, नाकावर कायम सर्दी. मला मावशी म्हणतात. लग्नाआधी दोघांना वेगवेगळं बसवून प्रश्न विचारायची रीत आहे चर्चची. पहिल्यांदा लग्न केलं तेव्हाही विचारले होते, तेव्हा मी नुसतीच मान डोलावली होती. आता जीभ सुटलीय.

"कोणाच्या दबावाखाली लग्न करताय का?"

"या वयात कोण दबाव टाकणार? उलट सगळे हसतात."

"मरेपर्यंत साथ द्यायची आहे ना?"

"मरण फार लांब नाही फादर, जमेल."

ते हसले आणि शिंकले. मग मी कागद पुढे केला. त्यांनी सगळा वाचला, बोट ठेवून ठेवून. सहा कलमं झाल्यावर म्हणाले, "हे चांगलं आहे. दुसरेपणाच्या लग्नात मुलांचा वाटा आधीच ठरवून ठेवलेला बरा, चर्चची काहीच हरकत नाही." मग सातव्यावर थांबले.

"मावशी, हे कोणाला हवंय?"

"लेकीला."

"तुम्हाला?"

मी म्हटलं, मला त्यातलं काही नको, पण असलं म्हणून काय बिघडलं? छत्री घेतली म्हणजे पाऊस पडतोच असं नाही.

"छत्री पावसासाठी असते," फादर म्हणाले. "पण वेदीसमोर उभं राहून 'मरेपर्यंत' म्हणायचं आणि मनात 'नाही जमलं तर निघू' ठेवायचं, तर वचन कुठलं दिलं? अशानं लग्न लागतच नाही. तुमच्या मनात तसं नाही हे मला दिसतंय. पण मग न मानलेली गोष्ट सही करून कशाला ठेवायची?"

मला पटलं आणि नाहीही पटलं. जगात माणसं विभक्त होतातच, ती काय सगळी खोटी बोलून लग्न करतात? विचारलं तसं. फादरनी नाक पुसत विचार केला आणि म्हणाले, "नाही. काही अगदी खरं बोललेली असतात. त्यांनाच जास्त लागतं." उत्तर आवडलं. सर्दीतला माणूस बरं बोलतो.

दुसरी अडचण सरकारी. इथं आधी सरकारी कचेरीत नोंद व्हायला हवी, तो दाखला आणल्याशिवाय फादर चर्चमध्ये लग्न लावत नाहीत. आणि चर्चमध्ये तीन रविवार घोषणा व्हायला हवी. म्हणजे मधले दिवस सरकारच्या लेखी मी बायको आणि चर्चच्या लेखी नाही.

"मग मी कोण?" मी विचारलं.

"वाग्दत्त वधू," फादर म्हणाले.

एकोणसाठाव्या वर्षी! हसू आवरेना.

२४ सप्टेंबर, बुधवार

ठकीचा फोन. सातवं कलम काढायचं म्हटल्यावर तिचा आवाज चढला. मी म्हटलं, "अगं, ते तसे नाहीत."

"कोणीच नसतो आई, आधी."

फोन ठेवला तिनं. काय म्हणायचं होतं कोण जाणे. मला वाटतं तिला चष्मेवाले आवडत नाहीत. बापाच्या जागी दुसरं कोणी पाहणं जड जात असेल. दिवसभर मशीनवर दोरा तुटत राहिला.

२ ऑक्टोबर, गुरुवार

अबोला सुटला. ठकी दुकानात आली आणि चक्क गिऱ्हाईक म्हणून आली. एक पडदा हवा, निळा, साधा. खिडकी रुंदीला तीन फूट, उंचीला चार.

"कुठे लावायचाय?"

"ऑफिसात."

ऑफिसाला असली खिडकी कधी पाहिली नाही, ही तर स्वयंपाकाच्या ओट्यावरची वाटते. पण बँकेनं जुनी इमारत घेतली असेल. अस्तर लावू का विचारलं तर म्हणाली, लाव, सकाळी ऊन डोळ्यांवर येतं. सकाळी ऑफिसात कोण झोपतं म्हणून मी चिडवलं. तीही हसली, पण जरा उशिरा.

वाळली आहे. बँकेवाले राबवून घेतात.

६ ऑक्टोबर, सोमवार

सरकारी लग्न लागलं. परवाना म्हणतात त्याला. गाडीचा असतो, बंदुकीचा असतो, तसा हा.

कचेरी दुसऱ्या मजल्यावर. लाकडी बाक, भिंतीवर पंखा आणि घड्याळ, घड्याळ बंद. आमच्या आधी एक पोरसवदा जोडपं होतं, ते मोबाइलवर एकमेकांचे फोटो काढत होते. समोरासमोर बसलेले असताना फोटो कशाला, कळलं नाही. मग चष्मेवाल्यांनीही माझा एक काढला. त्यात माझ्यापेक्षा बाकच जास्त आलाय, पण ठेवलाय मी.

कारकुनानं विचारलं, "स्वखुशीनं?" आम्ही एकदम हो म्हटलं. शिक्का मारला, मालमत्तेचा करार असल्यास महिन्याभरात जोडा म्हणाला आणि वर न बघता पुढे, "अभिनंदन. पुढचे."

साक्षीदार ठकी आणि वकीलबाई. ठकीनं सही करण्याआधी पेन बराच वेळ नुसतं धरलं होतं.

खाली उतरून चष्मेवाले त्यांच्या घरी, मी माझ्या. फाटकाशी त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "सरकारी बायको, जपून जा."

उगाच लाजले मी. सोय, सोय म्हणते आणि कानशिलं तापतात. रक्तदाब तपासायला हवा.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

काल लिहिता आलं नाही. सकाळी चष्म्याच्या दुकानातल्या पोरीचा फोन आला, काका पोट धरून खाली बसलेत, पांढरे पडलेत. मी पायात दोन वेगवेगळ्या चपला घालून धावले. हॉस्पिटलात नेलं. पित्ताशयात खडा, पिशवी सुजलेली, लगेच ऑपरेशन हवं.

दारावर नर्स. "नातेवाईक कोण? बाकीच्यांनी बाहेर थांबा. सहीला जवळचं माणूस हवं."

"मी बायको," मी म्हणाले.

"दाखला?"

पिशवीत होता. सोमवारपासून पिशवीतच पडून होता, बिलांच्या गठ्ठ्यात. नर्सनं पाहिला आणि दार उघडलं. पुतण्या परगावी. तो कागद नसता तर मी बाहेरच्या बाकावर बसून राहिले असते आणि आत कोणी परकं माणूस सही करत असतं.

ह्यांना आत नेताना हे म्हणाले, "पडदेबाई, भिऊ नका." मी कसली भिते! हे आत गेल्यावर मग रडले.

ऑपरेशन नीट झालं. खडा वाटाण्याएवढा. डॉक्टरांनी बाटलीत घालून दाखवला. ह्यांना तो घरी न्यायचाय.

आत्ता वाचलं तर दिसतंय, वर 'हे' लिहून गेले आहे. चर्चच्या हिशेबानं अजून वेळ आहे. खोडत नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार

हे शनिवारी घरी आले. प्रश्न पडला की रात्रीचं कोणी थांबायचं. शेजारीण म्हणाली, "अहो, लग्न झालंय ना तुमचं, रहा की!" मी म्हटलं, झालंय आणि नाहीही झालं. तिला काही कळेना. मलाही समजावून सांगता येईना.

तेवढ्यात ठकी म्हणाली, "मी थांबते काकांकडे."

मी चाटच पडले. जी पोरगी ह्यांच्यावर सातवं कलम लावत होती ती उशी घेऊन हजर! म्हटलं, "जावयांच्या जेवणाचं?" तर म्हणाली, "तो करून घेतो." गेले पाच दिवस ती तिथेच आहे. बँकेतून येते, ह्यांना औषध देते, दोघं पत्ते खेळतात. हे मुद्दाम हरतात, ती रागावते.

आज फादर बघायला आले. मी त्यांना म्हटलं, "सरकारच्या परवान्याला मी हसत होते. त्यानंच दार उघडलं."

"मग? म्हणून तर आम्ही दाखल्याशिवाय लग्न लावत नाही," ते म्हणाले. "नवरा आजारी पडला तर बायको दाराबाहेर राहू नये. सरकार नोंद करतं, दार उघडतं. चांगलं काम आहे ते. पण तुम्हाला तिथे धावत जायला कोणी लावलं?"

"मीच गेले."

"तेच. लग्न मीसुद्धा लावत नाही मावशी. तुम्ही दोघं एकमेकांशी लावता. मी चर्चच्या वतीनं बघायला उभा असतो." मग खड्याची बाटली हातात घेऊन उजेडात धरली आणि कौतुकानं पाहिली. पुरुषांना असल्या वस्तूंचं काय असतं देव जाणे.

मी निघताना ह्यांनी मला हळूच सांगितलं, "तो निळा पडदा झालाय ना? ठकीला देऊ नका. तुम्ही स्वतः लावून या."

"ऑफिसात?"

"पत्ता तिला विचारा. मी सांगितलं म्हणून सांगा."

१८ ऑक्टोबर, शनिवार

ठकीला विचारलं. तिनं पत्ता सांगितला. म्हणाली, "चल. मीच नेते."

कापड दुकानाच्या मागची गल्ली, तिसरा मजला, एक खोली. एक पलंग, एक खुर्ची, ओटा, ओट्यावर खिडकी. तीन बाय चार. खिडकीला वर्तमानपत्र चिकटवलेलं. कोपऱ्यात दोन पिशव्या, माझ्याच दुकानाच्या, नाव छापलेल्या. त्यातच कपडे.

स्टुल नव्हतं म्हणून खुर्चीवर चढले. दांडा बसवला, कड्या ओवल्या, चुण्या सारख्या केल्या. हाताला काम ठाऊक असतं. ती खाली खुर्ची धरून उभी होती. वरूनच विचारलं, "कधीपासून?"

"ऑगस्टपासून."

मग सगळं बाहेर पडलं. मारहाण नाही, दारू नाही. त्याचा जीव दुसरीकडे आहे, आणि लपवायचे कष्टही त्यानं सोडले. भांडणात म्हणाला, मी तर लग्नाआधीपासूनच म्हणत होतो, जमलं तर जमलं, नाहीतर सोडू. मित्रांना सांगितलं होतं त्यानं तसं, तारीख ठरली त्याच आठवड्यात. एका मित्रानं तिला हे खरं असल्याचं सांगितलं. घर त्याच्या नावावर. सामान घेतलेलं त्याच्या नावावर. ही दोन पिशव्या घेऊन निघाली.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू दुकानात गाणं गुणगुणायला लागली होतीस आई. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. मी कशाला मध्ये येऊ?"

मी गुणगुणते? मला ठाऊकही नव्हतं.

खुर्चीवरून उतरले आणि तिला जवळ घेतलं. हाडं लागली. चार रविवार जावई आला नाही, पोरगी वाळली, सातवं कलम पाठ, ओट्यावरची खिडकी ऑफिसात! जगाच्या खिडक्या मोजते मी, आणि लेकीची एक खिडकी दिसू नये?

"ते कलम काकांसाठी नव्हतं," ती म्हणाली. "काका चांगले आहेत. मला फक्त तुझ्या हातात पिशव्या बघायच्या नव्हत्या."

"ह्यांना कसं कळलं?"

"त्यांनी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, पोरी, तुझ्या चष्म्याचा नंबर बरोबर आहे, मग डोळे का लाल असतात? मग सांगितलं."

ह्यांनी माझ्याआधी ओळखलं. रागावले मी, पण मनापासून नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

चर्चमध्ये आमची तिसरी घोषणा झाली. 'कोणाला आडकाठी ठाऊक असल्यास कळवावं.' कोणी कळवलं नाही. मागच्या बाकावरून खोकल्याचा आवाज आला तेव्हा उगाच दचकले.

मिस्सानंतर ह्यांच्याकडे गेले. म्हटलं, "कलम काढलं तर ठकीला घोर. ठेवलं तर मी वेदीसमोर उभी राहून खोटं बोलेन. काय करू?"

हे पोटाला उशी धरून बसले होते, हसलं की टाके दुखतात म्हणून. म्हणाले, "तिला घोर कशाचा आहे?"

"आईच्या हातात पिशव्या यायला नकोत, याचा."

"मग पिशव्यांचं बघा. कलमाचं कशाला बघता?"

घरी येईपर्यंत सुचलं. दुकान आणि वरचं घर माझ्यामागे ठकीला मिळणारच आहे. मग मागे कशाला? आत्ताच का नाही? तिला बरोबरीची भागीदार करते. वरचं घर रिकामंच होणार, ती तिथे राहील. मी कधी परत आले तर लेकीच्या दारात येईन, आणि ती काय मला बाहेर उभी करणार आहे? त्याला कराराची गरज नाही. आणि तिच्या पायाखाली आजच जमीन येते.

ठकीला सांगितलं तर आधी नाही म्हणाली. मग म्हणाली, बँक सोडणार नाही. मग म्हणाली, शनिवारी बसेन दुकानात. मग विचारलं, "वरच्या घराच्या खिडक्यांना तो तपकिरी पडदा तसाच ठेवायचा का?"

"तुझं घर. तू ठरव."

"भयंकर आहे तो आई. लहानपणापासून आवडत नाही मला."

इतकी वर्षं एक शब्द नाही बोलली!

२२ ऑक्टोबर, बुधवार

वकीलबाईंनी सातवं कलम काढलं आणि भागीदारीचा वेगळा कागद केला. आम्ही तिघांनी सह्या केल्या. ह्यांनी या वेळी सगळं वाचलं. म्हणाले, आता घरची गोष्ट आहे. तुटलेल्या पट्ट्यांच्या जागी नवे पडदे शिवून द्यायचं वकीलबाईंनी मला सांगितलं. म्हणजे त्यांच्याही डोळ्यांत ते खुपत होतं.

तिथून फादरकडे, नवा कागद दाखवायला. ठकीनं म्हटलं होतं, सांग त्यांना माझं काय ते, लपवून कंटाळले. तेव्हा सांगितलं. फादर हळहळले. एकत्र राहणं अशक्य झालं तर वेगळं राहायला चर्चची मनाई नाही, तिनं अपराधी वाटून घेऊ नये, असं म्हणाले.

मी बोलता बोलता जावयाचं ते वाक्यही सांगितलं, जमलं तर जमलं, नाहीतर सोडू. फादरनी पेन खाली ठेवलं.

"हे तो लग्नाआधी म्हणाला होता?"

"मित्रांना, म्हणे. त्याच आठवड्यात."

"ते मित्र आज तसं सांगतील?"

"एकानं तर ठकीला सांगितलंय."

त्यांनी कागदाची घडी घालून मला परत दिली. मग म्हणाले, "मी काहीच शब्द देत नाही मावशी. पण लेकीला सांगा, कधी बोलावंसं वाटलं तर मी आहे. वचन मुळात दिलं गेलं होतं का, हे चर्चच्या न्यायालयात तपासता येतं, पण ते तिनं विचारायचं असतं. तुम्ही नाही, मी नाही."

एवढे गंभीर का झाले कळलं नाही. ठकीला निरोप जसाच्या तसा दिला. तिनं तो पुन्हा एकदा म्हणायला लावला, शब्द न् शब्द.

९ नोव्हेंबर, रविवार

काल लग्न झालं. माझं आणि ह्यांचं, चर्चमध्ये, सगळ्यांसमोर. आता कोणाच्याच हिशेबानं बाकी नाही.

निळे कपडे घातले. चपला एकाच जोडाच्या आहेत ना, ते दोनदा पाहिलं. पुतण्या आला होता, शेजारीण, वकीलबाई, दुकानाची जुनी गिऱ्हाइकं. ठकी साक्षीला माझ्या शेजारी. 'सुखात आणि दुःखात, आजारात आणि आरोग्यात' म्हणताना ह्यांचा आवाज असा चढला की डोळे तपासायच्या तक्त्यावरची अक्षरंच वाचून दाखवताहेत असं वाटावं. आजारातलं आमचं आधीच झालंय. माझा आवाज मात्र फुटला नाही. फादर थोडे वाकले, "मावशी, ऐकू यायला हवं." मग मोठ्यानं म्हटलं. मागच्या बाकापर्यंत गेलं असेल.

म्हणताना मन चाचपून पाहिलं, कुठे काही राखून ठेवलंय का. काही सापडलं नाही. एकोणसाठ वर्षांच्या बाईकडे राखून ठेवण्यासारखं असतं तरी काय? आणि सोयीबियीचं मी जे काही इथे लिहिलं आहे ते सोडून द्यावं.

रजिस्टरवर सह्या झाल्या. ठकीनं या वेळी पेन धरून ठेवलं नाही, सरळ सही केली. लोक शेजारच्या सभागृहात जेवायला गेले. आम्ही निघालो तर ठकी म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. मला फादरशी जरा बोलायचंय."

आम्ही बाहेर पायऱ्यांवर आलो. आतून दार लोटलेलं. सभागृहातून भांड्यांचे आवाज, कोणाचं तरी हसणं. पुतण्या बोलवायला आला, "काका, काकू, सगळे थांबलेत, पहिला घास तुमचा."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. म्हटलं, "तुम्ही जा, तुम्हाला वेळेवर खायला हवं. मी येते तिला घेऊन."

ह्यांनी कोट काढला, घडी करून पायरीवर अंथरला, त्यावर मला बसवलं आणि पोट सांभाळत शेजारी बसले. पुतण्याला म्हणाले, "त्यांना सुरू करू दे. आमची मुलगी आत आहे."

बराच वेळ बसलो. ऊन पायांवर आलं, मग पायरी सोडून खाली गेलं. एकदा ह्यांनी विचारलं, पाय अवघडला का, आणि मी म्हटलं, नाही.

दार उघडलं तेव्हा ठकीचं नाक फादरइतकंच लाल होतं. आम्हाला पाहून ती दारातच थबकली.

"तुम्ही अजून इथंच?"

"मग कुठे जाणार?" हे म्हणाले आणि उठायला तिच्याकडे हात केला.

तिनं ओढून उठवलं. आत काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तिघं सभागृहात गेलो. जेवण गार झालं होतं. ठकीनं दोनदा वाढून घेतलं.